पहिली मूठ मातीची

या, जरा जवळ सरून बसा. आज आवाज चढवून सांगण्यासारखं काही नाही. डोळ्यांपुढे आणा, माडीवरच्या खोलीत इलुमिनादा निजली आहे, आता कायमची. उशाशी मेणबत्त्या जळताहेत आणि काबुलानच्या डोंगरावरून पाऊस खाली उतरतो आहे. गोष्ट सांगायची आहे ती एका शेंगेची, आणि तिच्यातल्या बियांची. मातीत जायला त्या तयार होत्या. माती जिन्याच्या पायथ्याशीच होती. तरी त्यांची गाठ वेळेवर का पडली नाही, ते सांगतो.

वेल तुम्हाला ठाऊक आहे. इलुमिनादाच्या आजीने डोंगरातल्या घळीतून आणून ओढ्याकाठच्या मोठ्या झाडावर चढवलेली तायाबाक. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत तिचे घोस दोरासारखे लांब लोंबायचे. मांजराच्या नखांसारखी वाकडी फुलं, आणि रंग ना निळा ना हिरवा. डोहात सकाळचं ऊन उतरलं की पाणी जसं दिसतं तसा. पवित्र आठवड्यात प्रभूच्या यातनांची कथा गायला अंगणात मांडव पडे, तेव्हा इलुमिनादा हेच घोस मांडवाला बांधायची. एकाचा गळा बसला की दुसरा कडवं उचले, दुसऱ्याचा बसला की तिसरी. ज्यांनी ती कथा मांडीला मांडी लावून ऐकली आहे त्यांना मी काय सांगू. वाचलेलं दुःख माणसाच्या उरावर बसतं. गायलेलं दुःख हात धरून बरोबर चालतं. तिन्ही पोरं त्याच मांडवात, त्याच घोसांखाली झोपी जाऊन मोठी झाली.

इलुमिनादा गेली त्याच्या आदल्या वर्षीच्या वादळात ते झाड पडलं. वेल त्याच्याबरोबर पडली, अर्धी मुळं उघडी. सगळ्यांनी तिची आशा सोडली. पण पुढच्या उपासाच्या दिवसांत जमिनीवर लोळणाऱ्या एका फांदीला एकच घोस आला. वटवाघळं काही आली नाहीत. त्यांना घोसाला उलटं लटकून मध प्यायचा असतो, चिखलात पडलेल्या फुलाकडे ती कशाला बघतील? तेव्हा गुडघे धरलेली इलुमिनादा गोणपाट टाकून तिथे बसली आणि फुलामागून फूल बोटाने दाबत, एकाची पिवळी भुकटी दुसऱ्याला लावत राहिली.

"इनाय, या वयात वटवाघूळ झालीस," थोरली लेक आंपारो आईला म्हणाली होती.

"झाले तर झाले. कोणीतरी व्हायलाच हवं होतं."

सगळी फुलं गळाली, एका जागी मात्र शेंग धरली. शेंग फुगत गेली तशी वेल सुकत गेली. पपईएवढी झाली तेव्हा वेलीला एकही हिरवं पान उरलं नव्हतं. आंपारोने ती कापून आईच्या अंथरुणाशी आणली. इलुमिनादाने ती पोटाशी धरली, वास घेतला आणि लेकीला बजावलं, "भोपळ्याचं बी चुलीवर टांगून ठेवतेस तसं हे ठेवायचं नाही. हे ताजं असतानाच मातीत जायला हवं. पंधरवडा उलटला की आतून मरतं. वरून तसंच काळं, चकचकीत दिसतं, फसू नको." हे तिचं शेवटचं शहाणपणाचं बोलणं. त्याच दिवशी संध्याकाळी ती गेली.

एकुलता मुलगा क्रिसांतो जहाजावर कामाला होता. मुलाने तोंड पाहिल्याशिवाय आईला न्यायची रीत नाही, म्हणून काचेच्या झाकणाची शवपेटी माडीवरच राहिली. शेंग एका परातीत, ओल्या फडक्याखाली, पेटीच्या पायाशी.

*

"मावशी, शेंग उकलली," आंपारो स्वयंपाकघरात येऊन म्हणाली.

बिबियाना मावशी आल्याच्या चहासाठी आलं ठेचत होती. इलुमिनादाची ही धाकटी बहीण. गावात कोणी गेलं की प्रार्थना हिनेच म्हणायची. कथेच्या गायनात तिचा सूर लागला की कुत्रीसुद्धा भुंकायची थांबत. मेलेल्याच्या घरी काय चालतं आणि काय चालत नाही, ते लोक तिलाच विचारत.

"उकलू दे," ती म्हणाली. "पाहुण्यांना पेले पुरतील का ते बघ आधी."

"एका बीला मोड डोकावतोय. आज उद्यात लावायला हवं."

ठेचणं थांबलं. "घरात मयत असताना?"

"मी शेंगेचं बोलतेय मावशी, शेतीचं नाही. करवंटीत मूठभर माती..."

"मूठभरच तर सांगतेय मी. मयत घरात आहे तोवर पहिली मूठ मातीची तिची. त्याआधी कुणी जमीन उकरली तर जमिनीला सवय लागते. ती आणखी एक मागते. हे तुला मी सांगायचं? तुझ्या केसांत पांढरं आलं."

"मग बिया ओढ्यापलीकडे पाठवू. शेजारचे गोर्यो लावतील त्यांच्या परसात."

"आणि घरातली वस्तू बाहेर जाऊ देऊ? या घरातून सुमानचं पानसुद्धा मी बाहेर..." एवढं बोलून बिबियाना मावशीने जीभ चावली.

कारण कोपऱ्यात फेलिसिदाद लसूण सोलत बसली होती.

फेलिसिदाद ही शेंडेफळ. लुसेना शहरातल्या शाळेत शिकवते, नवरा तिथेच कचेरीत. वडील गेले तेव्हा ती अशीच आली होती, कडेवर वर्षाचं पोर घेऊन. परत निघताना तिने वाटेत पोराला भरवायला म्हणून दोन सुमान रुमालात बांधून घेतले, केळीच्या पानात उकडलेला चिकट गोड भात, दुसरं काही नाही. आठवडा गेला नाही तोच पोर तापाने गेलं. ते सांगायला ती या घरी आली, तेव्हा बिबियाना मावशी जिन्यातच म्हणाली होती, "मयताच्या घरचं घेऊन गेलीस ना?" तेवढंच. पण त्यानंतर त्या पोराचं नाव या घरात कुणी उच्चारलं नाही. दरवर्षी मृतांची नावं घेताना मावशी त्याच्यावरून पुढे जायची, आणि सगळ्यांना वाटायचं की फेलीला दुःख नको म्हणून.

"मावशी बरोबर म्हणतात," फेली लसणावरची नजर न उचलता म्हणाली. "राहू दे ताई."

आंपारोला याचंच नवल वाटलं. दोघी मिळून मावशीला गुंडाळू, असं तिने मनाशी धरलं होतं. शिकलेली, शहरातली, लहानपणी पवित्र शुक्रवारची बंदी मोडून ओढ्यात पोहल्याबद्दल मार खाणारी फेली पलीकडच्या बाजूला जाऊन बसेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

*

फोन होता तो चौकातल्या दुकानात. दुकानदारीणबाई छत्री मिटत निरोप घेऊन आली: क्रिसांतोचं जहाज बंदराबाहेर अडकलं आहे, धक्क्याला जागा नाही, त्याला उतरू देत नाहीत. थांबा म्हणतोय.

"जन्माला येतानाही हा असाच अडकला होता," बिबियाना मावशी म्हणाली. "सुईण दोनदा जेवून गेली."

माडीवर बसलेल्या बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. हसू ओसरलं तसा पाऊस पुन्हा ऐकू येऊ लागला. दुपारी मावशीने कथा धरली. प्रभूला क्रूसावरून उतरवतात आणि आई मांडीवर घेते, तिथवर आली. आंपारोने पुढचं कडवं उचललं आणि अर्ध्यात तिचा सूर तुटला. तिची नजर परातीवर होती. फडकं सारखं ओलं करूनही कडेच्या बियांवर पांढुरकी बुरशी धरली होती. मोड आलेलं बी मान टाकून तपकिरी पडू लागलं होतं.

लोकांना वाटलं, लेक आईसाठी रडते आहे. तेही होतंच.

दिवस असे एकावर एक चढत गेले. देह टिकावा म्हणून औषध टोचणारा माणूस पुन्हा येऊन गेला. फुलांच्या माळा बदलल्या. एका पहाटे उजेड फुटता फुटता आंपारो उठली. माडीवर जागणारे दोघे भिंतीला टेकून घोरत होते. तिने धड दिसणाऱ्या बिया निवडून ओल्या फडक्यात बांधल्या, काचेखालच्या आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि अनवाणी जिना उतरली.

शेवटच्या पायरीवर फेली बसली होती.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "लहानपणीही तू गूळ चोरायला हीच वेळ काढायचीस."

"सरक, फेली."

"बस ना जरा."

"बसायला वेळ नाही. बघ तरी." आंपारोने फडकं सोडलं. "एवढ्याच उरल्यात. वेल वाळून गेली. डोंगरात आता लाकूडतोडे ठेवतील तेवढंच. या गेल्या की इनायने चिखलात बसून केलं ते सगळं गेलं. तू शाळेत बियांचा धडा शिकवतेस ना? मग तुला कसं समजत नाही?"

"समजतं." फेलीने गुडघे जवळ ओढले. "सुमानने पोरं मरत नाहीत, हेही समजतं. डॉक्टरने आजाराचं नाव लिहून दिलं होतं. दिवसा वर्गात उभी असते तेव्हा मला सगळं समजतं, ताई. दिवा मालवला की यातलं काही समजत नाही."

"फेली..."

"मला दिवस गेलेत."

ओढ्याचं पाणी चढलं होतं, त्याचा घोंघाट खाली येत होता. आंपारो पायरीवर टेकली.

"या वयात," फेली म्हणाली. "शाळेतल्या बाया पाठीमागे हसतात. तुझ्या मेहुण्याने भीतीने कुणाला सांगितलेलं नाही. मी इथे यायलाच नको होतं, पण इनायला न बघता कशी राहू? आता तू जमीन उकरलीस तर काही होणार नाही, मला ठाऊक आहे. पण बाळ येईपर्यंत मी रोज मोजत बसेन. आणि उद्या काही झालंच, तर मावशीचं ऐकलं नाही म्हणून मी स्वतःला दोष देणार नाही. मी तुझं नाव घेईन. मला तुझं नाव घ्यायचं नाहीये, ताई."

आंपारोने बिया एकेक करून फडक्याच्या मध्यभागी गोळा केल्या. तिला लेकरूबाळ नव्हतं. आईची सेवा, मांडव आणि वेल, एवढ्यात तिचं आयुष्य गेलं होतं, आणि यातलं आता हेच हातात उरलं होतं. तिने फडक्याच्या गाठी परत बांधल्या.

"चहा घेशील?" तिने विचारलं.

फेलीने मान डोलावली आणि मग ताईच्या मांडीत तोंड खुपसून रडली.

*

त्याच सकाळी आंपारोने मावशीला माडीवर पेटीशी एकटं गाठलं.

"एक वाक्य मागते तुमच्याकडे. फेलीला सांगा, तुझं पोर तुझ्यामुळे गेलं नाही. तुमच्या तोंडून ऐकलं तर तिची गाठ सुटेल. मग बिया लावू द्यायच्या की नाही ते तीच ठरवील."

बिबियाना मावशी मेणबत्तीचं ओघळलेलं मेण नखाने खरवडत होती. "मयतासमोर खोटं बोलू?"

"तुम्हाला अजून तसंच वाटतं?"

"वाटलं नसतं तर त्या दिवशी बोलले असते का?" नख थांबलं. "आणि समज, आज म्हटलं की तसं काही नसतं. मग इतकी वर्षं मी त्या पोरीचं काय केलं, आंपारो? त्याचं उत्तर आहे तुझ्याजवळ?"

खालून कुणीतरी पेले मागत होतं. आंपारो खाली गेली.

*

क्रिसांतो आला तो चिखलाने माखलेल्या बुटांनिशी, हातात जहाजावरची कातडी पिशवी घेऊन. जिन्यातच त्याने हंबरडा फोडला. पेटीवर आसवं पडू नयेत म्हणून दोघांनी त्याचे खांदे धरले. थोडा निवळल्यावर त्याची नजर परातीवर गेली. त्याने एक बी उचलून नखाने दाबलं. ते दबलं.

"हे काय? अजून इथेच?"

त्याने ते बी आंपारोपुढे धरलं.

"इनायने मला बंदरावर निरोप पाठवला होता, शेंग धरली म्हणून. म्हातारी केवढी खूश होती. आंपारो, तुला ठाऊक होतं ना या बिया थांबत नाहीत?"

फेली उठू लागली. "दादा, मीच..."

"विसरले," आंपारो मोठ्याने म्हणाली. "पाहुणे, चहा, माळा. डोक्यातून गेलं."

"विसरलीस? जन्मभर इथे राहून तुला एवढं एक काम होतं."

"हो. विसरले म्हटलं ना."

क्रिसांतो नको ते बोलला. तू आईला सांभाळलंस की आईने तुला, इथवर बोलला. जमलेले पाहुणे छताकडे बघत राहिले. आंपारो परात फडक्याखाली झाकून उभी होती आणि तिने एकदाही फेलीकडे पाहिलं नाही. दाराशी बिबियाना मावशी जपमाळ धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं. "आंपारोने माझा नियम पाळला," एवढं ती म्हणू शकली असती. तिचे ओठ हललेही. पण शब्द आला नाही.

दुसऱ्या दिवशी पावसातच इलुमिनादाला नेलं. क्रिसांतोने पहिली मूठ टाकली, मग आंपारोने, मग फेलीने. फेलीने टाकताना दुसरा हात पोटावर ठेवला होता. घरी आल्यावर हातपाय न धुता आंपारो परात घेऊन ओढ्याकाठी गेली. पडलेल्या झाडाजवळची भुसभुशीत माती तिने करवंट्यांत भरली, एकेक बी आईने शिकवल्यासारखं अर्धं आत, अर्धं वर असं बसवलं. बिया काळ्या होत्या, चकचकीत. बघणाऱ्याला वाटलं असतं, आता चार दिवसांत मोड.

मागे पावलं वाजली. मावशी होती, डोक्यावर केळीचं पान धरून.

"माझा नियम पाळल्याचं तू त्याला सांगायचंस," ती म्हणाली. "मी आडवी आले नसते."

"तुमचा नियम मी पाळलाच नाही मावशी. त्या पहाटे मी बिया घेऊन खाली उतरले होते. मी फेलीला जपलं." आंपारोने करवंटीतली माती अंगठ्याने दाबली. "तिला दिवस गेलेत. तुम्हाला घाबरून ती सांगत नाही."

केळीच्या पानावरून पाणी ओघळून मावशीच्या मानेवर पडत होतं. मग ती वळून घराकडे गेली, आणि चिखलात दोनदा तिचा पाय सरकला.

*

चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला सगळे पुन्हा जमले. क्रिसांतोने सुट्टी वाढवून घेतली होती, आंपारोशी अजून तुटक बोलत होता. सकाळी तोच ओढ्याकाठी जाऊन आला. एकाही करवंटीत हिरवं काही नव्हतं. त्याने एक उकरून पाहिली. आत काळा लगदा होता, दुर्गंधी सुटलेली. त्याने ती तशीच बुजवली आणि हात ओढ्यात धुतले. घरी येऊन आंपारोच्या हातून चहा घेतला आणि म्हणाला, "साखर कमी आहे." भांडण मिटवण्याची त्याची हीच पद्धत होती. तिने साखर घातली.

दुपारी प्रार्थनेला बसले. मावशीचा आवाज ओढ्याकाठच्या त्या दिवसापासून खाली उतरला होता, तो वर चढलाच नव्हता. तरी तिने धरलं. मृतांची नावं ती गाऊनच घ्यायची, प्रत्येक नावामागे सगळे म्हणायचे, याला विश्रांती दे. इलुमिनादाच्या आजीचं नाव आलं. आईबापांचं आलं. नवऱ्याचं आलं. मग इलुमिनादा. इथे ती नेहमी थांबे आणि क्रूसाची खूण करी.

हात कपाळापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

"आणि आनिसेतो," बिबियाना मावशीने सूर न सोडता म्हटलं. "फेलिसिदादचा मुलगा. जो तापाने गेला." थोडं थांबून तिने तेच पुन्हा घेतलं, जास्त हळू, आणि आवाज मध्येच फाटला. "तापाने गेला. दुसऱ्या कशाने नाही."

फेली डोळे मिटून बसली होती, दोन्ही हात पोटावर. मग आंपारोने म्हटलं, याला विश्रांती दे, आणि तिच्यामागून क्रिसांतोने, आणि मग सगळ्यांनी.

पुढच्या उपासाच्या दिवसांत मांडवाला कागदाची फुलं बांधली गेली. ओढ्याकाठी तायाबाक पुन्हा उगवली नाही, ना त्या वर्षी, ना पुढे. मी तिच्यासाठी तुमच्याकडे काही मागत नाही. पण तुमच्या घरी कधी गेलेल्यांची नावं घ्यायची वेळ येईल. तेव्हा शेवटच्या नावानंतर घटकाभर थांबा आणि एक वर्षाच्या आनिसेतोची आठवण काढा. फार वर्षं त्याला कुणी हाक मारली नव्हती.